विनतेचें दुसरें अंडें

या सदराच्या नित्य वाचकांस ठाऊक आहे कीं, प्रस्तुत लेखकाची अर्धी हयात माध्यमिक शाळेंत शास्त्रविषय शिकविण्यांत गेली, आणि त्यामुळें येथें दरमहा जें कांहीं लिहून होतें त्यास खडूचा वास येतो. या खेपेचा विषय असा आहे कीं, कांहीं घरांत तो वाचावयास घेतांना नाकें मुरडलीं जाण्याचा संभव आहे. आमच्याच घरीं, माझी आई होती तोंवर, पानावर बसल्यावर ‘अंडें’ हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती. आजही सौ.च्या स्वयंपाकघरांत तें येत नाहीं. आणि मुलीच्या अमेरिकेंतील बिऱ्हाडीं तें फ्रिजच्या कोणत्या खणांत असतें याची चौकशी आम्ही दोघेंही करीत नाहीं. परंतु प्रश्न येथें अंडें खाण्याचा नसून उबविण्याचा आहे. पक्ष्यास आपण द्विज म्हणतों तें उगीच नव्हे. एकदां अंडें म्हणून व पुन्हां त्या अंड्यांतून, असा त्याचा जन्म दोन वेळां होतो. ज्या शब्दाचा आपणांस एवढा अभिमान, त्यांत कोंबडीचें पिलूंही आपलें भागीदार आहे, ही गोष्ट आपण सहसा लक्षांत घेत नाहीं.

गेल्या चैत्रांत आम्ही उभयतां मुलीकडे होतों. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस लहानसें गांव आहे, तेथें ती असते. नात दुसऱ्या इयत्तेंत. एके दिवशीं तिनें शाळेंतून पालकांच्या सहीसाठीं एक कागद आणिला. वर्गांत उबवणीचें यंत्र बसवावयाचें असून बारा अंडीं त्यांत ठेवावयाचीं आहेत, तरी पालकांची संमति असावी, असा मजकूर. आमच्या कन्येनें कागदाची पहिली बाजू वाचली व सही केली. दुसरी बाजू आम्हां कोणासच त्या वेळीं वाचावीशी वाटली नाहीं. ती गोष्ट पुढें येईल.

नातीनें लागलीच प्रश्न केला, “आई, आपल्या फ्रिजमधल्या अंड्यांतून पिल्लं कां येत नाहींत?” सौ.नें वर्तमानपत्रांतून मान वर केली नाहीं, परंतु पान उलटावयाचें थांबलें. मीं शास्त्राचा आश्रय घेऊन सांगितलें कीं, बाजारांतल्या अंड्यांच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवीतच नाहींत, म्हणून तीं अंडीं अफलित असतात; कितीही उबविलीं तरी त्यांतून कांहीं निघावयाचें नाहीं. शास्त्रानें घरांतील एक अवघड क्षण असा निभावून नेला. “मग तुम्हीं शाळेंत असतांना अंडीं उबवलीं होतींत का?” असा तिचा दुसरा प्रश्न आला. “एकदां,” म्हणून मीं चष्मा पुसावयास घेतला.

मंगळवारीं अंडीं ठेवण्यांत आलीं. एकविसावा दिवस पुन्हां मंगळवारींच यावा, पिलें बाहेर पडतांना शाळा भरलेली असावी, हा हिशेब त्या वर्गाच्या बाईंनीं आधींच केला होता. यंत्र म्हणजे घमेल्याएवढी फोमची पांढरी पेटी. वर पारदर्शक झांकण, आंत तापणारी तार, एक चिमुकला पंखा, आणि तळाशीं पाणी भरावयाच्या पन्हळी. कोंबडी जें काम पोटाखालच्या उघड्या कातडीनें करते तें या पेटीनें करावयाचें. उष्णता ३७.५ अंश सेंटिग्रेड, म्हणजे फॅरनहाइटच्या मापानें ९९.५. आपल्या अंगाहून किंचित् अधिक, बारीक कणकण आल्यासारखी. ती थोडी उतरली तर तितकेंसें बिघडत नाहीं, कारण कोंबडीही चारापाण्यासाठीं दिवसांतून उठतेच. परंतु ती दोन-तीन अंश चढून कांहीं काळ तशीच राहिली, तर आंतील जीव भाजून निघतो. गारव्यापेक्षां उष्णतेचें भय अधिक, हें प्रथम ऐकणाऱ्यास खरें वाटत नाहीं.

ही उष्णता थर्मामीटरावांचून साधणारे लोक जगांत होऊन गेले आहेत. इजिप्तमध्यें मातीच्या विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या बांधून, शेण व गवत यांचा विस्तव करून हजारों अंडीं एकदम उबविण्याची विद्या दोन हजार वर्षांपूर्वींपासून आहे. तेथील कारागीर अंडें उचलून आपल्या मिटलेल्या पापणीस लावीत आणि ऊब बरोबर आहे कीं नाहीं तें सांगत. युरोपांतील विद्वानांस ही विद्या फार दिवस साधली नाहीं. रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७४९ सालीं यावर ग्रंथ लिहिला, स्वतः शेणखताच्या उकिरड्यांची ऊब वापरून पाहिली. परंतु त्या पापणीची बरोबरी त्यास करतां आली नाहीं. गंमत अशी कीं, आमच्या नातीच्या शाळेच्या उत्तरेस, सॅन फ्रान्सिस्कोच्या पलीकडे, पेटालुमा म्हणून गांव आहे, तेथेंच १८७९ सालीं लायमन बाइस व आयझॅक डायस या दोघांनीं उबवणीचें एक यंत्र सिद्ध केलें, आणि पुढें तें गांव जगाची अंड्यांची टोपली म्हणून मिरवूं लागलें. वर्गांतील बारा अंडीं त्याच बाजूच्या एका शेतावरून आलीं होतीं.

यंत्रास ऊब देतां येते, परंतु हें यंत्र साधें होतें; अंडीं फिरविणें त्यास येत नव्हतें. कोंबडी बसल्या बसल्या चोंचीनें आपलीं अंडीं दिवसांतून पुष्कळ वेळां परतीत असते. न परतलीं तर पिवळ्या बलकावर तरंगणारा गर्भ वर येऊन कवचाच्या आंतील पापुद्र्यास चिकटतो व तेथेंच खुंटतो. म्हणून मुलांनीं प्रत्येक अंड्याच्या एका अंगास पेन्सिलीनें फुली व दुसऱ्या अंगास गोळा काढिला. सकाळीं फुली वर, दुपारीं गोळा वर, घरीं जातांना पुन्हां फुली. फेरे तीन किंवा पांच, परंतु विषम संख्येनेंच. म्हणजे रात्रीचा लांबलचक वेळ एका अंगास एके दिवशीं आला तर दुसऱ्यास दुसऱ्या दिवशीं येतो. फुली-गोळ्याचा हा खेळ आमच्या नातीनें घरीं येऊन बटाट्यांवर चालविला. शनिवारीं रविवारीं शाळा बंद; तेव्हां बाई तीन वेळां जाऊन अंडीं परतून येत. त्यांस या कामाचा जादा पैसा कोणी देत होतें असें मला दिसलें नाहीं.

मुलांस सर्वांत मोठें नवल वाटलें तें अंडें श्वास घेतें याचें. खरें सांगावयाचें तर मलाही वाटतें. वरून गुळगुळीत दिसणाऱ्या त्या कवचास सुमारें दहा हजार सूक्ष्म रंध्रें असतात. साठ ग्रॅमचें अंडें एकवीस दिवसांत सुमारें सहा लिटर प्राणवायु आंत घेतें, साडेचार लिटर कार्बनवायु बाहेर टाकतें, आणि अकरा लिटर पाण्याची वाफ सोडतें. ही वाफ जाणें अवश्य असतें. तीमुळें अंड्याच्या रुंद टोकाशीं हवेची एक कोठी वाढत जाते, आणि पिलाचा पहिला श्वास त्या कोठींतला. खोली फार दमट असली तर कोठी लहान राहते, फार कोरडी असली तर पापुद्रे चिवट होतात. यंत्रांतल्या पाण्याच्या पन्हळी एवढ्यासाठीं असतात.

सातव्या दिवशीं आजी-आजोबांस वर्गांत बोलावणें आलें. खिडक्यांस काळें कापड लाविलें होतें. बाईंनीं एकेक अंडें बारीक झोताच्या दिव्यावर धरिलें, आणि आंतील लाल उजेडांत शिरांचें जाळें दिसूं लागलें. पिंपळाचें पान पाण्यांत कुजवून जाळी करतात ना, तसें. मध्यें एक काळा ठिपका, तो डोळा. ठिपका हलला तेव्हां वर्गांत कोणी बोलेना. ॲरिस्टॉटलनें असेंच पाहून लिहून ठेविलें आहे कीं, कोंबडीच्या अंड्यांत तिसऱ्या दिवसाच्या सुमारास हृदय रक्ताच्या बिंदूसारखें उडूं लागतें. त्यास हें पाहण्यासाठीं अंडें फोडावें लागलें. येथें दिव्यावर भागलें. बारांपैकीं दोन अंडीं निर्मळ उजळलीं, तीं अफलित होतीं. एकांत शिरांऐवजीं रक्ताचें एक कडें दिसलें. “हें सुरू झालं होतं, पण थांबलं,” असें बाईंनीं त्यांच्या भाषेंत सांगितलें व तें बाजूस ठेविलें. उरलीं नऊ.

अठराव्या दिवशीं अंडीं परतणें बंद करावयाचें, पन्हळींत पाणी वाढवावयाचें, आणि झांकण उघडावयाचें नाहीं. उघडलें तर वाफ निघून जाते, पापुद्रा सुकतो, आणि पिलूं ओल्या कापडांत गुंडाळल्यासारखें आंत आवळलें जातें. नात हें घरीं सांगत असतां सौ. म्हणाली, “बरोबरच आहे. बाळंतिणीच्या खोलींत सारखं कोणी डोकावूं नये.” इतके दिवस तिनें या प्रकरणांत लक्ष घातलें नव्हतें, परंतु त्या रात्रीं तिनें नातीस निजवितांना विनतेची कथा सांगितली.

कथा आपणां सर्वांस पाठ आहे. तरी आदिपर्वांतील एक बारकावा माझ्या ध्यानांत पूर्वीं आला नव्हता, तो त्या रात्रीं आला. कश्यपाच्या दोन बायका. कद्रूस सहस्र अंडीं, विनतेस दोन. तीं अंडीं मातांनीं स्वतः उबविलीं असें व्यास म्हणत नाहींत. दासींनीं तीं ऊब व ओल असलेल्या भांड्यांत पांचशें वर्षें ठेविलीं असें म्हणतात. ऊब आणि ओल, दोन्ही! यावरून आमच्या पूर्वजांस सर्व यंत्रें ठाऊक होतीं असें अनुमान काढणाऱ्या मंडळींत मी नाहीं. परंतु ज्यानें तें लिहिलें त्यानें अंड्यांवर बसलेली कोंबडी नीट पाहिली होती एवढें खास. कद्रूचीं पिलें बाहेर आलीं, विनतेचीं येईनात. सवतीपुढें लाज वाटून तिनें एक अंडें फोडलें. आंत अरुण, वरचें अंग पुरें झालेला, खालचें अपुरें. त्यानें आईस दासीपणाचा शाप दिला आणि सांगितलें कीं, दुसरें अंडें तरी आणखी पांचशें वर्षें धीर धरून राख. त्या दुसऱ्यांतून गरुड निघाला.

“म्हणजे वाट पाहिली कीं गरुड येतो,” असा नातीनें निष्कर्ष काढिला व ती झोंपली.

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशीं अंड्याच्या आंत जें घडतें तें थोडें सविस्तर सांगितलें पाहिजे. पुढील हकीकत त्यावर उभी आहे. पिलूं प्रथम चोंचीनें आंतला पापुद्रा भेदून हवेच्या कोठींत नाक घालतें व श्वास घेऊं लागतें. मग बंद कवचांतून चिवचिव ऐकूं येते. वरच्या चोंचीच्या टोकास एक पांढरी कठीण गुळी असते, तिला अंडदंत म्हणूं. ती जन्मानंतर थोड्याच दिवसांत गळून पडते. (संस्कृतांत दांतासही द्विजच म्हणतात. हा मात्र एकदांच येतो.) त्या गुळीनें पिलूं कवचास एक भोंक पाडतें, आणि मग थांबतें. पाहणाऱ्यास वाटतें कीं दमलें. वस्तुतः त्या वेळीं सर्वांत मोठें काम चाललेलें असतें. इतके दिवस कवचालगतच्या पापुद्र्यांत पसरलेलें रक्त अंगांत परत यावयाचें असतें, आणि उरलेला बलक बेंबीवाटे पोटांत ओढला जावयाचा असतो. हें व्हावयास बारा तास लागतात, कधीं चोवीस. तोंवर शिरा जिवंत असतात. त्यानंतर पिलूं आंतल्या आंत गोल फिरत कवच कापीत जातें आणि टोपी उडवून बाहेर येतें. पोटांत घेतलेल्या त्या बलकावर त्यास दोन-तीन दिवस दाणापाण्यावांचून काढतां येतात. अमेरिकेच्या टपालखात्यानें एक दिवसाचीं पिलें पार्सलानें नेण्यास १९१८ सालापासून परवानगी दिली, ती या शिदोरीच्या जोरावर.

सोमवारीं पहिलें भोंक पडलें. मंगळवारीं दुपारपर्यंत सात पिलें बाहेर आलीं. प्रथम ओल्या बोळ्यासारखीं, दोन घटकांत पिवळ्या कापसासारखीं. आठव्या अंड्यास सकाळीं भोंक पडलें होतें. तें आमच्या नातीचें अंडें, म्हणजे त्यावरची फुली तिच्या हातची. शाळा सुटतांना भोंक तेवढेंच. मुलें रडकुंडीस आलीं, बाईंनीं झांकण उघडलें नाहीं. नववें अंडें निश्चल होतें.

बुधवारीं सकाळीं आठवें पिलूं आंतच मेलेलें आढळलें. बाईंनीं तें लपविलें नाहीं. मुलांस गोल बसवून त्यांनीं सांगितलें, “काल रात्रीं नऊ वाजतां मी येथें आलें होतें. तें ओरडत होतं. त्याला अजून वेळ हवा आहे असं मला वाटलं, म्हणून मीं हात लावला नाहीं. कदाचित् माझं चुकलं असेल. मला सांगतां येत नाहीं.” हें मला नातीकडून कळलें, ती तें शब्दशः सांगत होती, कारण तिला राग आला होता.

“मिसनीं विनतेसारखं केलं नाहीं, तरी तें मेलं,” ती आजीस म्हणाली. “तुझी गोष्ट खोटी आहे.”

सौ.नें माझ्याकडे पाहिलें. चष्मा पुसण्याची ती वेळ नव्हती.

मीं नातीस अंगणांत नेलें व सांगितलें. साल १९८८. सातारा जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं मी आठवीच्या वर्गास शास्त्र शिकवीत असें. वर्गांत मुलें चाळीस. देवदारी खोकें, चाळीस वॅटचे दोन दिवे, पाण्यानें भरलेला डालड्याचा डबा, एवढें आमचें यंत्र. बाजारच्या दिवशीं एका बाईकडून गांवठी कोंबडीचीं दहा अंडीं आणिलीं. वीज गेली कीं मुलें घरून गोधड्या आणून खोकें गुंडाळीत. एक मुलगा तर अंडीं परतण्यासाठीं रविवारीं दोन कोस चालत येई. विसाव्या दिवशीं सकाळीं एका अंड्यास भोंक पडलें. शेवटच्या तासापर्यंत तें वाढेना. मुलें म्हणाली, “सर, काढा ना त्याला बाहेर.” मला कारण ठाऊक नव्हतें असें नाहीं, पुस्तकांत वाचलें होतें. पण चाळीस मुलांपुढें कांहीं तरी करून दाखविण्याचा मोह मोठा असतो. मीं प्रयोगशाळेंतला चिमटा घेतला व कवच सोलावयास लागलों. तिसऱ्या तुकड्याबरोबर पापुद्र्यांतून रक्त आलें. बलक अजून बेंबीशीं बाहेरच होता. पिलूं माझ्या तळहातावर दोन-तीन मिनिटें होतें.

“मग तुम्हीं मुलांना काय सांगितलंत?”

“पिलूं मुळांतच अशक्त होतं, असं.”

“खोटं?”

“हो.”

तिनें पुष्कळ वेळ कांहीं विचारिलें नाहीं. त्या चाळीसांपैकीं कित्येक आतां स्वतः बाप झालेले असतील, आणि त्यांच्यापैकीं एखाद्यास अजून वाटत असेल कीं, सरांनीं शक्य तें केलें, पिलूंच दुबळें होतें. विशेषतः तो रविवारीं चालत येणारा. त्याच्या दोन कोसांची किंमत मीं अशी दिली. या सदरांत तीस वर्षांपूर्वींच्या चुका कबूल करण्याची प्रथा नाहीं, हें मी जाणतों.

“मग मिसनीं काय करायला हवं होतं?” तिनें शेवटीं विचारलें.

“मला सांगतां येत नाहीं,” मी म्हणालों. भोंक पाडून चोवीस तास होऊन गेले, चिवचिव मंदावली, पापुद्रा कागदासारखा पिवळा पडला व शिरा दिसेनाशा झाल्या, म्हणजे जाणते कुक्कुटपालक क्वचित् थोडी मदत करतात. आणि अशा पिलांपैकींही पुष्कळ पुढें जगत नाहींत. रात्रीं नऊ वाजतां फार तर चौदा तास झाले होते. मीं त्या बाईंच्या जागीं असतों तर, १९८८ नंतर, हात लावला नसता. त्याआधीं लावला होता. दोन्ही पिलें मेलीं.

आतां कागदाच्या दुसऱ्या बाजूविषयीं. तींत स्पष्ट लिहिलें होतें कीं, दहा दिवसांनीं पिलें शेतावर परत जातील. त्यांपैकीं माद्या अंड्यांसाठीं ठेवण्यांत येतील, आणि नर मोठे करून मांसासाठीं विकले जातील. सात पिलांतून साधारण निम्मे नर. आमची नात वाचावयास नुकती शिकलेली, तिनें तो कागद फ्रिजवरून काढून संबंध वाचला. सही आईची होती. त्या दिवशीं आमच्या कन्येस जें तोंड द्यावें लागलें तें मीं अंगणांत दिलें त्याहून सोपें नव्हतें. “आपण यांतला एक कोंबडा पाळूं” या मागणीस तिनें गांवचा नियम सांगितला; वस्तींत कोंबडा ठेवण्यास तेथें बंदी आहे, आणि त्या देशांत पुष्कळ गांवीं तशीच आहे. नियम खरा होता, परंतु उत्तर म्हणून अपुरें होतें, हें सातव्या वर्षींही कळतें.

या प्रश्नाचें मोठें रूप वर्गाबाहेर आहे. केवळ अंड्यांसाठीं पोसलेल्या जातींतील नर पिलें अंडें देत नाहींत व त्यांवर मांसही फारसें चढत नाहीं, म्हणून जगांतील मोठ्या उबवणी-कारखान्यांत तीं पहिल्याच दिवशीं मारून टाकण्याचा परिपाठ पडला. जर्मनीनें २०२२ सालाच्या आरंभापासून त्यास कायद्यानें बंदी केली. अंड्यांतच नर-मादी ओळखून नराचीं अंडीं आधीं बाजूस काढण्याचीं यंत्रें तेथें आतां चालतात. ब्रिटनमधील आर. एस. पी. सी. ए. ही प्राणिदयेची जुनी संस्था तर शाळांनीं अंडीं उबवूंच नयेत असें सांगते. त्या मताशीं मी पूर्णपणें सहमत नाहीं. परंतु ज्या शिक्षकास बाविसाव्या दिवसाचें उत्तर मुलांसमोर देतां येत नसेल त्यानें पहिल्या दिवशीं यंत्राचें बटण दाबूं नये, इतपत मी त्यांच्या बाजूस आहें. त्या बाईंनीं तें लिहून दिलें होतें. न वाचणारे आम्ही.

आपल्याकडे हा प्रयोग करूं इच्छिणाऱ्या शिक्षक-भगिनींस दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. वीज जाण्याचा बंदोबस्त आधीं करावा. पेटीवर जाड पांघरूण घालून गरम पाण्याच्या पिशव्या बाजूस ठेविल्या तर दोन-तीन तास निभतात. आणि पिलांस हात लावल्यावर साबणानें हात धुणें सक्तीचें करावें. निरोगी दिसणाऱ्या पिलांच्या अंगावरही साल्मोनेला नांवाचे जंतु असूं शकतात. पांच वर्षांच्या आंतील मुलांच्या हातीं पिलें देऊंच नयेत असा अमेरिकेच्या आरोग्यखात्याचा स्पष्ट इशारा आहे.

पिलें परत गेलीं त्या दिवशीं मुलांस उकळून घेतलेलीं रिकामीं कवचें वांटण्यांत आलीं. नातीच्या फुलीचें अंडें तर पिलासह पुरलें होतें, शाळेच्या बागेंत, लिंबाखालीं. म्हणून तिला दुसऱ्या कोणाच्या गोळ्याचें अर्धें कवच मिळालें. तें कापसांत गुंडाळून तिनें घरीं आणिलें, आणि मुलीनें हौसेनें लाविलेल्या तुळशीच्या कुंडीशीं ती तें ठेवूं लागली. आंत पाहिलें तर पापुद्र्यावर शिरांचें पुसट जाळें वाळून राहिलें होतें.

“तुळशीजवळ नको,” सौ. म्हणाली, “त्या स्वयंपाकघराच्या खिडकींत ठेव, उजेड आहे तिथं. आणि आधीं हात धू.”